लाखाच्या मानधनाला दुःखाची मुभा आहे का?

ऑगस्ट २०२२ मध्ये बंगळुरूतील घराघरांत एका मालिकेच्या कथानकापेक्षा तिच्या सेटवर काय घडले याचीच चर्चा अधिक रंगली होती. झी कन्नड वाहिनीवरील 'जोते जोतेयली' ही मालिका सप्टेंबर २०१९ पासून कर्नाटकात अतिशय लोकप्रिय होती. मराठी प्रेक्षकांना तिची कथा अनोळखी नाही. सुबोध भावे आणि गायत्री दातार यांची 'तुला पाहते रे' ही मालिका २०१८-१९ मध्ये झी मराठीवर गाजली, तिचेच हे कन्नड रूप. चाळिशी ओलांडलेला श्रीमंत उद्योगपती आणि मध्यमवर्गीय घरातील विशीतली मुलगी यांची ही प्रेमकथा. मराठीतला विक्रांत सरंजामे कन्नडमध्ये आर्यवर्धन झाला. ती भूमिका करत होते अनिरुद्ध जतकर, म्हणजे कन्नड चित्रपटांचे थोर नायक विष्णुवर्धन यांचे जावई.

मालिका ऐन भरात असताना निर्माते आरूर जगदीश यांनी आपल्या या नायकाला दूर केले. नायक सेटवर वाद घालतात, चित्रीकरण अर्धवट सोडून जातात, असा निर्मात्यांच्या बाजूचा आरोप होता. अनिरुद्ध यांनी तो फेटाळला. मतभेद संहितेतील प्रसंगांबद्दल होते आणि आपण जे बोललो ते मालिकेच्या भल्यासाठीच बोललो, असे त्यांचे म्हणणे होते. दूरचित्रवाणी निर्मात्यांच्या संघटनेने तर त्यांना दोन वर्षे कोणी काम देऊ नये असे आवाहन केले. यथावकाश वाद निवळला, पण 'जोते जोतेयली'मधील त्यांची जागा दुसऱ्या अभिनेत्याकडे गेली.

कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. लक्षात राहिल्या त्या प्रेक्षकांच्या दोन प्रतिक्रिया. एक वर्ग आपल्या लाडक्या नायकासाठी हळहळला. दुसरा वर्ग म्हणाला, "इतका पैसा, इतकी प्रसिद्धी मिळते. मग तक्रार कसली? गप्प काम करावे!"

हा दुसरा सूर केवळ बंगळुरूचा नाही. मराठी घरांतही तो नेहमी ऐकू येतो. एखादी अभिनेत्री मुलाखतीत सांगते की, चौदा-चौदा तास काम करून ती थकली आहे, रात्रीची झोप गेली आहे, एकटे वाटते. लगेच घरातील कोणीतरी म्हणते, "हिला काय कमी आहे? ही दुखणी पोट भरल्यावर सुचतात." प्रश्न असा आहे की, भरपूर मोबदला मिळवणाऱ्या कलावंताच्या दुःखाची कणव यावी का?

राग अगदीच अकारण नाही

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या रागामागे मत्सर असतो तसा न्यायबुद्धीचाही अंश असतो. ज्या बंगळुरूत मालिकांचे सेट उभे राहतात त्याच शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यांतून लक्षावधी स्त्रिया शिवणयंत्रांवर वाकून काम करतात. एप्रिल २०१६ मध्ये यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नवा नियम आला होता. मुलीचे लग्न, सासऱ्यांचे आजारपण, घराची अनामत रक्कम, सगळ्याचा आधार तोच पैसा. होसूर रोड आणि तुमकूर रोडवरील वाहतूक थांबली. दोन दिवसांत केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला.

दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी घरी आलेली बाई भाकरी थापता थापता मालिका पाहते. पडद्यावरील नायिकेच्या एका दिवसाच्या मोबदल्यात तिचे दोन-चार महिन्यांचे घर चालेल. त्या नायिकेने 'मी दुःखी आहे' म्हटल्यावर हिच्या कपाळावर आठी पडली तर तिला दोष कसा द्यावा? समाजाजवळ मदतीचा पैसा, कायद्याचे संरक्षण आणि वर्तमानपत्रांतील जागा मर्यादित असते. ती आधी कोणाला मिळावी असा प्रश्न आला तर उत्तर निःसंशय शिवणयंत्रावरील बाई हेच आहे.

पण मदतीचा क्रम लावणे वेगळे आणि दुसऱ्याचे दुःख खोटे ठरवणे वेगळे. कणव म्हणजे रेशनचे धान्य नव्हे. एकाला दिली म्हणून दुसऱ्याच्या पिशवीत ती कमी पडत नाही.

झगमगाटामागचा हिशेब

दुसरी गोष्ट म्हणजे 'लाखोंची कमाई' हा समज बहुतेक कलावंतांच्या बाबतीत खरा नसतो. मालिकेत नायक-नायिकेसारखे ठळक चेहरे दोन-चारच असतात. त्यांच्याभोवती काकू, मामा, शेजारीण, मोलकरीण, इन्स्पेक्टर असा मोठा गोतावळा असतो. मानधन दिवसावर ठरते. मुख्य कलावंताला महिन्याला ठरावीक दिवसांची हमी असते, इतरांना ज्या दिवशी बोलावणे येईल त्या दिवसाचेच पैसे. कथानकात काकू तीर्थयात्रेला गेल्या की काकूंचे काम करणाऱ्या अभिनेत्रीच्या घरातील मिळकतही तीर्थयात्रेला जाते!

शिवाय काम आज केले म्हणून पैसे आज मिळत नाहीत. नव्वद दिवसांनंतर मोबदला ही हिंदी-मराठी मालिकांच्या धंद्यात वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत. २०२० च्या टाळेबंदीत काम बंद पडले तेव्हा अनेकांची जुनी येणीही हाती आलेली नव्हती. कलावंतांच्या संघटनेने हा अवधी तीस दिवसांवर आणावा अशी मागणी लावून धरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'हे मन बावरे' या मालिकेतील शर्मिष्ठा राऊत, शशांक केतकर, मृणाल दुसानीस यांच्यासारख्या परिचित कलावंतांनी आपले मानधन थकल्याचे जाहीरपणे सांगितले. निर्मात्यांनी आपण स्वतःच आर्थिक अडचणीत असल्याचे सांगितले. ज्यांना रोज रात्री भरजरी कपड्यांत पाहिले ते आपल्याच घामाच्या पैशांसाठी आर्जवे करत होते, हे प्रेक्षकांना तेव्हा कळले.

बंगालमध्ये त्याआधीच ठिणगी पडली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये थकलेले पैसे आणि कामाचे अमर्याद तास यांवरून कोलकात्यातील मालिकांचे चित्रीकरण काही दिवस पूर्ण थांबले. वाहिन्यांवर जुने भाग दाखवण्याची वेळ आली. शेवटी मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी मध्यस्थी केली, तेव्हा दिवे पुन्हा लागले.

हे तास वाढले कसे? एके काळी मालिका आठवड्यातून एकदा येत असे. १९८७ मध्ये सुरू झालेले 'रामायण' रविवारी सकाळी दिसे आणि पुढे सहा दिवस लोक वाट पाहत. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' कर्नाटकातील आगुंबे गावात जाऊन, सवडीने, एखादा चित्रपट करावा तसे चित्रित केले. त्यानंतर खासगी वाहिन्या आल्या, दैनंदिन मालिका आल्या. 'चार दिवस सासूचे' ही मराठी मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर वाहिनीला द्यायचा म्हणजे सेटवर रोज तेवढा पिकवायचाच. संहिता कधी सकाळी हातात पडते, कधी दृश्य उभे राहिल्यावर. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडा घसरला की ज्या भल्या माणसाची भूमिका वर्षभर जीव ओतून केली तो एका रात्रीत कपटी ठरतो. 'तुला पाहते रे'तील सज्जन विक्रांतच्या कथेला पुढे कोणते वळण मिळाले, हे मराठी प्रेक्षक विसरलेले नाहीत. लेखकाने ते आधीच योजलेले असो वा नसो, ते निभावावे लागते अभिनेत्यालाच.

पैसा नेमका कशाचा मिळतो?

ज्यांना खरोखरच भरपूर मोबदला मिळतो त्यांचे काय? खरा प्रश्न त्यांच्याबाबतच आहे. "पैसे घेतलेत ना, मग सोसा," हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण पैसा नेमका कशाचा मिळतो?

अर्थशास्त्राचे जनक मानले जाणारे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला हात घातला होता. नट, गायक आणि नर्तक यांना एवढा प्रचंड मोबदला का मिळतो? त्यांच्या मते कारणे दोन होती. एक तर तो गुण दुर्मीळ. आणि दुसरे, लोकांसमोर पैशासाठी कला दाखवण्याला तेव्हाच्या समाजात असलेली अप्रतिष्ठा. म्हणजे त्या रकमेत कलेच्या किमतीबरोबर अपमानाची भरपाईही होती. आज ती अप्रतिष्ठा उरलेली नाही, उलट प्रतिष्ठाच आहे. तरी मोबदल्यात काही त्रासांची भरपाई असते हा विचार जुना झालेला नाही. रात्रीअपरात्रीचे काम, खासगीपणाचा अभाव, उद्याची शाश्वती नसणे, तारुण्याची मुदत, या सगळ्याचे मोल त्यात धरलेले असते.

यातून एक गोष्ट निघते. जे त्रास या व्यवसायात आहेत हे ठाऊक असूनच कलावंताने करारावर सही केली, त्यांच्यासाठी वेगळी दया मागणे त्याला शोभत नाही. चाहत्यांची गर्दी होते, उन्हात भरजरी शालू नेसावा लागतो, मेकअपची खोली लहान आहे, असल्या तक्रारी ऐकून प्रेक्षकाने हसून सोडून दिले तर काही बिघडत नाही.

परंतु काही गोष्टी कोणत्याही करारात विकल्या जात नाहीत आणि विकल्या जाऊ नयेत. सप्टेंबर २०२० मध्ये ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना साताऱ्याजवळ मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान करोनाचा संसर्ग झाला. त्या सेटवरील इतरही अनेकांना लागण झाली होती. २२ सप्टेंबरला साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतून काम करणारी चेतना राज ही अवघी २१ वर्षांची अभिनेत्री चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. तिने तो निर्णय का घेतला याची चर्चा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण पडद्यावर मुलगी किती सडपातळ दिसली पाहिजे, याचे माप वाहिन्यांबरोबर प्रेक्षकही ठरवतात, हे नाकारता येईल का?

याहून जुने उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे. १९४२ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. डाव्या डोळ्याची इजा जन्मभर राहिली. नायिकेच्या भूमिका गेल्या. त्या दुखावलेल्या डोळ्यानिशीच त्यांनी खाष्ट सासू उभी केली, 'रामायणा'त मंथरा उभी केली, आणि लोकांनी त्या डोळ्याला दुष्टपणाची खूण मानले. कामाच्या ठिकाणी झालेली इजा ही प्रेक्षकांना करमणूक वाटली. बाईंनी मात्र तक्रार न करता काम केले. त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक जरूर करावे, पण तसे सोसणे हा इतरांसाठी नियम करू नये.

सोन्याची सुरी म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. चांगल्या मोबदल्याने सुरी सोन्याची होते, तिची धार बोथट होत नाही.

सहानुभूती आणि सवलत

येथे आणखी एक भेद करायला हवा. सहानुभूती म्हणजे सवलत नव्हे. मालिकेचा नायक रागावून सेटवरून निघून गेला, तर नुकसान एकट्या निर्मात्याचे होत नाही. त्या सेटवर प्रकाशयोजनेचे कामगार असतात, रंगभूषाकार असतात, कपडे सांभाळणारे, चहा देणारी मुले असतात. त्यांतील बहुतेकांचे पोट रोजावर असते. चित्रीकरण रद्द झाले तर नायकाच्या घरी त्या रात्री चूल पेटतेच. पण चहा देणाऱ्या मुलाच्या घरचे तसे सांगता येत नाही. म्हणून ज्याचा मोबदला मोठा, त्याच्यावर धीर धरण्याची जबाबदारीही मोठी. आपले म्हणणे जरूर मांडावे, संघटनेकडे जावे, करार संपल्यावर काम सोडावे. मात्र सर्वांत दुबळ्या माणसाच्या रोजीवर आपला राग काढू नये.

श्रीमंत कलावंताजवळ शिवणयंत्रावरील बाईजवळ नसलेली आणखी एक गोष्ट असते. काम असह्य झाले तर सहा महिने घरी बसण्याची ऐपत. हा फरक फार मोठा आहे, आणि कलावंतांनीही मुलाखत देताना तो विसरू नये. पण त्याच न्यायाने, आवाज उठवण्याचे बळ त्यांच्याजवळच अधिक असते. कामाचे तास ठरवा, पैसे वेळेवर द्या, सेटवर डॉक्टर ठेवा, असे प्रसिद्ध चेहरा म्हणतो तेव्हा त्याचा फायदा नाव नसलेल्यांनाही मिळतो. १९८१ चा चित्रपट कामगारांचा कायदा कथापटांपुरता होता. २०२० च्या कामगार संहितेत मालिकांतील दृक्-श्राव्य कामगारांचाही समावेश झाला, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बालकलाकारांबाबत तर २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि कमाईतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. छोट्या पडद्यावरील गोड मुलीचे कौतुक करताना हा नियम पाळला जातो का, असे विचारणारा प्रेक्षक मात्र क्वचितच आढळतो.

हा प्रश्न घरातलाही आहे

आता पडद्याकडून घराकडे वळू. आज असंख्य मराठी घरांतील मुलगा किंवा मुलगी बंगळुरूत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगाराचा आकडा नातेवाइकांत अभिमानाने सांगितला जातो. रात्री अकरा वाजता फोनवर त्याचा आवाज ओढलेला वाटतो. तो म्हणतो, "आई, इथे मन लागत नाही गं." आणि पलीकडून उत्तर जाते, "अरे, एवढा पगार कोणाला मिळतो? तुझ्या बाबांनी पूर्ण नोकरीत पाहिला नाही एवढा पैसा. थोडे सोसायला शिक." त्यानंतर तो पुन्हा तसे काही बोलत नाही. घरच्यांना वाटते, चला, रुळला!

जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवता यावा असा प्रस्ताव पुढे आला तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. त्याही वेळी 'लठ्ठ पगार घेता, मग काम करा' असे म्हणणारे होतेच. पडद्यावरील नायिकेला लावलेला न्याय आपल्याच मुलापर्यंत किती सहज पोहोचतो, हे त्यातून दिसते. ज्या घरात पैशाने दुःखाचे तोंड बंद करण्याची सवय लागते, तेथे मुले पगार पाठवतात, पण मन कळवत नाहीत.

मोबदल्याला मराठीत किती सुंदर शब्द आहे: मानधन! त्यात धनाच्या आधी मान येतो. कलावंताला धन मिळाले, आता मानाचे काय, असे विचारणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे. ज्याला सर्वांत कमी मिळते त्याची काळजी सर्वांत आधी घ्यावी, ज्याला भरपूर मिळते त्याने आपली जबाबदारी ओळखावी, आणि दोघांपैकी कोणी 'मला त्रास होतो आहे' असे म्हणाले तर निदान पूर्ण वाक्य ऐकून घ्यावे. त्याचे मानधन किती, हे विचारायला नंतरही वेळ मिळतो.